त्रेपन्न वर्षांचं विरजण

दोन हजार एकोणचाळीस साली देशभरातलं दही लागेनासं झालं, तेव्हा मला आधी हसू आलं. माणसांच्या साथी पाहिल्या, कोंबड्यांच्या पाहिल्या, कपाशीवरच्या अळ्या पाहिल्या. दह्याची साथ तेवढी पाहायची राहिली होती.

झालं होतं ते असं. मोठ्या डेअऱ्या स्वतःचं विरजण राखत नसत. ते दोन-तीन कंपन्यांकडून पुड्यांत येई. पाकिटावर कुठे गाय, कुठे म्हैस, कुठे नऊवारी नेसलेली बाई. आतले जिवाणू मात्र सगळीकडे एकाच घराण्यातले. त्या घराण्याला मारणारा एक विषाणू निघाला आणि दोन महिन्यांत टाक्यांमध्ये नुसतं फाटलेलं दूध उरलं. दही गेलं, ताक गेलं, श्रीखंड गेलं. आमच्या धायरीच्या सोसायटीतल्या एका शिकलेल्या सुनेनं मला लिफ्टमध्ये विचारलं, आजी, विरजण कुठल्या ॲपवर मिळतं? मी सांगितलं की पूर्वी ते शेजारणीकडे मिळायचं. तिला वाटलं, शेजारीण नावाचं ॲप होतं आणि ते बंद पडलं.

साठीच्या आतल्या एकाही बाईच्या घरात विरजण नव्हतं. मग सरकारनं म्हाताऱ्यांची दारं वाजवायला सुरुवात केली. कुणाच्या फ्रिजमध्ये जुनं, घरचं, न मेलेलं दही आहे याची गणना निघाली. जन्मभर ज्यांना कुणी काही विचारलं नाही अशा बायकांचे फोटो वर्तमानपत्रात झळकले, हातात वाटी घेऊन.

माझ्याकडे दही होतं. पण माझी वाटी फोटोसाठी नव्हती.

त्या दह्याची हकीकत आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, कारण मीच ती दर श्रावणात सांगते. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली आम्ही बार्शीला होतो. माझा पहिला मुलगा मंदार सोळा महिन्यांचा होता आणि त्याला जुलाब लागले होते. डॉक्टरांनी साखर-मिठाचं पाणी आणि ताजं गोड ताक द्यायला सांगितलं. नेमकं त्या दिवशी घरातलं दही संपलं होतं. दिवे लागायच्या वेळी हे वाटी घेऊन कुंदाकडे गेले. कुंदा माझी धाकटी जाऊ. भाऊजी आणि ती दोन गल्ल्या सोडून वेगळे राहत. हे परत आले ते वाटी घेऊनच आले, पण दारात सासूबाईंना जे सांगितलं ते मी आत मंदारला मांडीवर घेऊन ऐकलं. "कुंदानं नाही दिलं. डेअरीवाल्याच्या घरून आणलं."

दिवेलागणीनंतर दही घराबाहेर देऊ नये, लक्ष्मी जाते, अशी तेव्हा समजूत होती. आजारी पोरापुढे हिला लक्ष्मी मोठी वाटली, असं मी धरलं. तिसऱ्या दिवशी मंदारला जिल्ह्याच्या गावाला नेलं. सलाईन लावेपर्यंत उशीर झाला होता.

त्याच्या पोटात शेवटी गेलं ते त्या वाटीतल्या विरजणाचं ताक. म्हणून ते विरजण मी मरू दिलं नाही. ह्यांच्या बँकेच्या सात बदल्या झाल्या, सातही वेळा स्टीलची डबी माझ्या मांडीवर होती. मृणाल झाली, ती त्याच दह्यावर वाढली. मागच्या वर्षी आणलेला बोलणारा फ्रिज त्या वाटीला रोज सकाळी 'अनोळखी पदार्थ' म्हणतो. मी त्याला रोज सकाळी गप्प बस म्हणते.

कुंदाशी मी त्रेपन्न वर्षं बोलले नाही. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर हळदीकुंकू घेतलं-दिलं, तोंड न उघडता.

यंदा, दोन हजार एक्केचाळीसच्या मार्चमध्ये, मृणालनं विषय काढला. कुंदा सत्याहत्तर वर्षांची, सोलापुरात एकटी. भाऊजी जाऊन वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं, ते जोडलं, पण आता एकटीनं राहणं शक्य नाही. एक मेपासून तिची एका वृद्धाश्रमात सोय केली होती. चांगला होता म्हणे. तिथे रात्री कूस बदलून द्यायला यंत्रं आहेत आणि गप्पा मारायलाही यंत्रंच आहेत. मृणालचं म्हणणं, काकूला आपण इथं आणू. घर माझ्या नावावर, म्हणून तिनं माझी परवानगी मागितली.

मी म्हटलं, जिनं माझ्या पोराला चमचाभर दही दिलं नाही, तिला माझ्या घरात भाताचं शीत मिळणार नाही.

मृणाल एक्कावन्न वर्षांची आहे, माझ्यावर आवाज चढवत नाही. ती एवढंच म्हणाली, "आई, तुला सगळं आठवतं ना, तोच तुझा आजार आहे." आणि एप्रिलअखेरपर्यंत विचार कर म्हणून उठून गेली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गणनेची मुलगी आली. समिधा तिचं नाव, सूक्ष्मजीवशास्त्रातली डॉक्टर, पायांत पुरुषी बूट आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. हल्लीच्या मुलींचं मला काही कळत नाही, पण ही मुलगी वाटीतलं दही चमच्यानं काढताना वाटीला हात जोडून मग काढती झाली, त्यामुळे मी तिला बसवलं आणि पोहे केले. तिचं यंत्र जेवणाच्या डब्याएवढं. त्यात दह्याचा थेंब टाकला की आतल्या जिवाणूंची जनुकं अक्षर अक्षर वाचली जातात. पूर्वी याला मोठी प्रयोगशाळा लागायची, ती म्हणाली.

मी विचारलं, वाचून काय कळतं? नुसते जिवाणू मोजायचे तर इतकी अक्षरं कशाला?

तेव्हा तिनं मला जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. जिवाणूवर विषाणूचा हल्ला झाला आणि तो त्यातून वाचला, तर तो त्या विषाणूचा एक बारीक तुकडा कापून स्वतःच्या जनुकांत खोचून ठेवतो, पुन्हा आला तर ओळखता यावा म्हणून. नवा तुकडा नेहमी एकाच टोकाला लागतो. म्हणजे त्या दह्याला आजवर झालेली दुखणी त्याच्या अंगात क्रमानं लिहिलेली असतात. दोन घरांतली दही शेजारी ठेवून वाचली तर जिथपर्यंत दुखणी सारखी, तिथपर्यंत ती एका भांड्यात होती. जिथून वेगळी, तिथून घरं वेगळी. शिवाय एका जिवाणूचे दोन होताना नक्कल करण्यात अधूनमधून चुका होतात. त्या चुका मोजल्या की किती वर्षांपूर्वी वेगळी झाली तेही काढता येतं, वर्ष-दीड वर्ष इकडे-तिकडे. असं करत गणनेनं महाराष्ट्रातल्या दह्यांची वंशावळ मांडायला घेतली होती.

"म्हणजे दह्याला आठवतं म्हण की," मी म्हटलं.

"आठवतं. आणि आजी, त्याला गोष्ट रंगवून सांगता येत नाही."

मला ते लागलं थोडं. आमच्या नात्यात कुणाचं लग्न कधी, कोण कुणाच्या मांडीवर बसलं, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. मी तिच्या अर्जावर ठसठशीत अक्षरात लिहिलं: मूळ, बार्शीच्या डेअरीवाल्याचं घर, श्रावण १९८८. त्याखाली एक चौकोन होता, नातं जुळल्यास दुसऱ्या घराला नाव कळवायला हरकत नाही, असा. त्यावरही खूण केली. डेअरीवाल्याचं कुणी उरलं असेल तर आभार मानावेत असं मनात होतं.

समिधा पंधरा दिवसांनी पुन्हा आली, न कळवता. निकाल फोनवर येणार होता, म्हणून मी जरा चपापले. तिनं टेबलावर पडदा उलगडला. त्यावर झाडासारख्या रेघा होत्या. तिनं बोट ठेवलं तिथे माझं नाव होतं, शैलजा खासनीस, धायरी. त्या रेघेवरून बोट मागे नेलं तर ती एका दुसऱ्या रेघेला मिळत होती. त्या रेघेच्या टोकाला लिहिलं होतं, कुंदा खासनीस, सोलापूर. जोडावर आकडा होता, त्रेपन्न वर्षं.

माझा पहिला विचार असा की यंत्र बिघडलं. तसं मी म्हटलंही. समिधानं तीनदा वाचून घेतलं होतं. मग मी म्हटलं की कुंदाही त्याच डेअरीवाल्याकडून नेत असेल. समिधानं आणखी मागची रेघ दाखवली. कुंदाचं माहेर वैरागचं. तिच्या भाच्याच्या घरचं दहीही गणनेत आलं होतं. कुंदाचं दही त्या घरातून एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या सुमाराला निघालं होतं, म्हणजे तिच्या लग्नात, पाठवणीच्या शिदोरीबरोबर. पुढच्या चार वर्षांत कुंदाच्या भांड्यात चार नवी दुखणी झाली. ती चार वैरागच्या दह्यात नाहीत. माझ्या दह्यात चारही आहेत, त्याच क्रमानं.

"तुमचं विरजण काकूंच्या भांड्यातून आलंय, आजी. दुसरा रस्ता नाही."

"डेअरीवाल्यानं त्याच संध्याकाळी तिच्याकडून नेलं असेल," मी म्हटलं.

समिधा हसली नाही. तिनं पडदा गुंडाळून ठेवला. इतक्या लहान वयाच्या मुलीला माझी कीव येते आहे हे मला दिसलं.

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहिले. हे जाऊन नऊ वर्षं झाली. विचारायचं कुणाला? आणि तेव्हा, न बोलावता, मला भाऊजींचं ताट दिसलं. त्या श्रावणातल्या त्या दुपारी भाऊजी आमच्याकडे जेवायला होते. वरण, भात, पडवळाची भाजी. आदल्या दिवशीही होते. दर महिन्याला तीन दिवस ते आमच्याकडे जेवत, कारण त्या तीन दिवसांत कुंदा बाजूला बसलेली असे आणि सासूबाईंना मुलानं हातानं चूल पेटवलेली खपत नसे. हे मला माहीत होतं. ताट मला आठवत होतं, वाटी आठवत होती. त्रेपन्न वर्षं दोन्ही माझ्या डोक्यात शेजारी शेजारी पडून होती आणि मी ती कधी जोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी सोलापूरला निघाले. मृणाल बरोबर येते म्हणाली, मी नको म्हटलं. हल्लीच्या बसला ड्रायव्हर नाही, कंडक्टर नाही. कुठे उतरायचं ते सांगायला कुणी नाही, आणि आपण रडत असलो तर बघायलाही कुणी नाही. ही एक सोय झाली आहे, मान्य करायला हवं.

कुंदानं दार उघडलं ते चौकटीच्या वॉकरला धरून. मागे खोलीत खोकी भरून ठेवलेली. ती खूप बारीक झाली होती. मला पाहून ती दचकली नाही. "या वहिनी," म्हणाली, जशी मी काल संध्याकाळी येऊन गेले होते.

मी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्या विचारलं, त्या दिवशी विरजण तू दिलं होतंस का?

ती हळूहळू खाटेवर टेकली. मग तिनं सांगितलं, अगदी सावकाश, तपशील न गाळता. त्या दिवशी तिचा दुसरा दिवस होता. हे दारात आले तेव्हा ती आत कोपऱ्यात घोंगडीवर बसली होती. तिनं आतूनच सांगितलं की मला शिवता येत नाही, घरात दुसरं कुणी नाही, तुम्हीच आत जाऊन घ्या. पण बाहेरून आलेल्या चपलेच्या पायांनी हे तिच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात गेले नाहीत. दोघंही रीत मोडायला घाबरत होती आणि तिकडे पोराला जुलाब होत होते. शेवटी हे म्हणाले, कुंदा, पोराचं काम आहे, घाल. तिनं उठून दोन हात धुतले आणि कपाटातल्या मातीच्या सटातून चमचाभर दही वाटीत घातलं. जाताना ह्यांनी बजावलं, आईला कळता कामा नये, ती वाटी ओतून देईल.

बाकीचं मला तिनं सांगायची गरज नव्हती. सासूबाईंना भाऊजींच्या ताटावरून सगळं माहीत होतं. त्यांनी दारात विचारलं असणार, तिच्याकडचं नाही ना? म्हणून ह्यांनी म्हटलं, कुंदानं नाही दिलं. ते खोटं सासूबाईंसाठी होतं. ऐकलं मी.

"मग नंतर?" मी म्हटलं. "नंतर मला का नाही सांगितलं? ह्यांनी नाही तर तू?"

"तुमच्या ह्यांनी मला विचारलं होतं, तुम्हाला सांगू का म्हणून. तेराव्यानंतर. मीच नको म्हटलं."

"का?"

"तुम्ही काय म्हणाला असता, वहिनी?"

मला उत्तर येत होतं. मी तेव्हा बी.ए. झालेली, अठ्ठावीस वर्षांची. वर्तमानपत्र वाचायची, सासूबाईंच्या सोवळ्याची चेष्टा करायची, आणि स्वतःच्या तीन दिवसांत लोणच्याच्या बरणीवरून सावलीसुद्धा जाऊ द्यायची नाही. माझं पोर गेलेलं. आणि कुणी येऊन सांगितलं असतं की ते दही बाजूला बसलेल्या बाईच्या हातचं होतं.

"तुझ्या विटाळानं गेला, असं म्हणाले असते," मी म्हटलं.

"हो," कुंदा म्हणाली. "त्यापेक्षा नाही दिलं म्हणून राग धरलेला बरा, असं मला वाटलं. तो निभावता येतो."

मी तिच्या समोरच्या खोक्यावर बसले. खोक्यात भांडी असावीत, वाजली. मला वाटत होतं की आता ती रडेल किंवा मला घालूनपाडून बोलेल, आणि दोन्ही मला चालणार होतं. ती माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत होती.

"ते गणनेवाले माझ्याकडेही आले होते," ती म्हणाली. "मी त्यांना सांगितलं, खायला नेऊ नका, नुसतं तपासा. मी त्या दिवसापासून कुणाला विरजण दिलेलं नाही. इथल्या बायका मला चिकट म्हणतात." तिचे वॉकरवरचे हात घट्ट झाले. "त्यांच्या यंत्रात ते निघालं का हो?"

"काय?"

"माझ्या हातानं ते नासलं होतं का?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते आहे. मग कळलं. मी त्रेपन्न वर्षं तिच्यावर राग धरला होता; तिनं तेवढीच वर्षं स्वतःवर संशय धरला होता. माझ्या तोंडून जे ऐकायला नको म्हणून ती गप्प राहिली, ते ती स्वतःलाच ऐकवत होती. तिच्या घरात शिकलेली माणसं आली, गेली. सरकारची गणना आली. तिनं नमुना दिला तो नाव छापून यावं म्हणून नव्हे, तर उत्तर कळावं म्हणून. नाव कळवायला हरकत नाही, या चौकोनावर तिनं खूण केली तीही त्यासाठीच. निकालात तिला आकडे आले, रेघा आल्या. तिला हवं ते कुणी लिहिलं नव्हतं, कारण हल्लीच्या मुलींना असा प्रश्न पडतो हेच ठाऊक नाही.

मी उठून तिच्या शेजारी खाटेवर बसले. समिधानं मला जे समजावलं होतं ते सगळं सांगितलं. दह्यातले जिवाणू कोण, त्यांना कशानं मरण येतं, बाईच्या पाळीशी त्यांचं काही देणंघेणं कसं नाही. ती ऐकत होती, पण शाळेत धडा ऐकावा तशी, विश्वास ठेवायचा की नाही ते न ठरवता. शास्त्र तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. मग मी शास्त्र सोडून दिलं.

"कुंदा," मी म्हटलं, "तुझ्या हातचं ते दही मी रोज खाल्लं. ह्यांनी खाल्लं. मृणाल अन्न खायला लागली ती त्याच्या ताकानं. तिला बाळपणी एकदासुद्धा पोट बिघडून दवाखान्यात न्यावं लागलं नाही. मंदारला उशीर झाला म्हणून तो गेला. सलाईनला उशीर झाला. तुझं दही त्याला शेवटचं गोड लागलं, चमचा सोडत नव्हता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

तिनं मान खाली घातली. मग दोन्ही हात वॉकरवरून काढून मांडीवर उताणे ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसली. बाहेर कुणाच्या तरी दारात कुरिअरचं यंत्र नाव पुकारत होतं, चुकीचं, पुन्हा पुन्हा.

"चमचा सोडत नव्हता?" तिनं विचारलं.

"पुढचे सहा-सात दात होते. त्यात धरून ठेवायचा."

ती हसली, आणि मग तिला रडू आलं. मलाही. दोन म्हाताऱ्या एका खाटेवर, भरलेल्या खोक्यांमध्ये. कुणी पाहिलं असतं तर त्यांना वाटलं असतं, घर सोडायचं म्हणून रडतात.

डोळे पुसून झाल्यावर मी तिला म्हटलं, वृद्धाश्रमाला कळवून टाकू, माझ्याकडे चल. मला वाटलं होतं, हे मी फार मोठं काहीतरी देते आहे. कुंदानं पदरानं नाक पुसलं.

"मृणालनं तुम्हाला विचारलं, तुम्ही नाही म्हणालात, हे मला कळलं होतं," ती म्हणाली. "मला मात्र कुणी विचारलं नव्हतं, यायचंय का म्हणून."

खरंच, कुणी विचारलं नव्हतं.

"आता विचारते. येशील?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच. बार्शीला होतो त्या चार वर्षांत ती अशी बघायची, भाजी निवडताना, थट्टा करायच्या आधी.

"झोपायचं कुठे?"

"माझ्या खोलीत. दुसरी मृणालची आहे."

"घोरता का अजून?"

"घोरते. मृणाल म्हणते, पूर्वीपेक्षा जास्त."

"मग बघू," कुंदा म्हणाली.

इतक्या वर्षांत 'बघू' म्हणायची पाळी आज पहिल्यांदा तिची होती. एक मेला अजून अकरा दिवस होते. मी पिशवी खाली ठेवली आणि ती काय ठरवते त्याची वाट बघत बसून राहिले.